११० की १२५: स्कूटरला जादा पैसे कुठे मोजावेत, कुठे नाही

शोरूममध्ये ११० सीसीचं बेस मॉडेल आणि १२५ सीसीचं टॉप मॉडेल शेजारी उभं असतं आणि दोघांत पंधरा-वीस हजारांचा फरक निघतो. हा फरक एका गोष्टीचा नसतो. त्यात मोठं इंजिन असतं, पुढचा डिस्क ब्रेक, अलॉय व्हील, रंगीत स्क्रीन, स्मार्ट की असं सगळं असतं. आपण मात्र प्रत्येकाचे पैसे वेगळे काढून बघायचे. माझं मत आधीच सांगायचं तर इंजिन, ब्रेक आणि चाकं यांच्यासाठी जादा पैसे द्यावेत, तेही तुमचा रस्ता आणि वजन ते मागत असेल तर. स्क्रीनसाठी देऊ नयेत.

आधी कागदावरचा हिशोब उरकू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ११० आणि १२५ दोन्हींना तोच दर आहे. महाराष्ट्रात पेट्रोल दुचाकीचा एकरकमी रोड टॅक्स ९९ सीसीच्या पुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आहे, त्यामुळे इथेही दोन्ही गाड्या एकाच टप्प्यात येतात. थर्ड पार्टी विम्याचंही तसंच. नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा घ्यावाच लागतो आणि ७५ ते १५० सीसी हा एकच गट आहे: ३,८५१ रुपये अधिक जीएसटी. मग १२५ घेतल्यावर वाढतं काय? एक्स-शोरूम किंमत दहा हजारांनी जास्त असेल तर टॅक्स धरून ११,१०० होतात, शिवाय ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात शे-दोनशे.

कर्ज काढत असाल तर हेच दहा हजार ११ टक्के रिड्युसिंग दराने (व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावर) तीन वर्षांसाठी महिना ३२७ रुपये पडतात, एकूण साधारण ११,८००. इथे एक खबरदारी घ्या. शोरूममध्ये सांगितलेला '९ टक्के' दर बऱ्याचदा फ्लॅट असतो, म्हणजे व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर लागतं. तीन वर्षांच्या फ्लॅट ९ टक्क्यांचा खरा दर सोळाच्या आसपास जातो. त्यामुळे टक्का न विचारता महिन्याचा हप्ता गुणिले महिने, अधिक प्रोसेसिंग फी, एवढंच मांडा.

पेट्रोलची भीती उगाच घातली जाते. रोज ३० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस म्हणजे ९,००० किलोमीटर. ११० ला ४८ चं ॲव्हरेज आणि १२५ ला ४५ चं धरलं तर वर्षाला साडेबारा लिटर जास्त लागतं. लिटरला १०४ रुपये धरले तर तेराशे रुपये. सर्व्हिसिंगचा खर्चही जवळपास सारखाच, कारण इंजिन ऑइल दोन्हींत पाऊण लिटरच्या आतबाहेरच लागतं. मागच्या चाकाजवळ वेगळं गिअर ऑइल असतं, साधारण शंभर मिली. सर्व्हिसिंगमध्ये ते बदलायचं राहून जातं, म्हणून जॉब कार्डवर लिहून घ्या.

आता इंजिन. ॲक्टिव्हा ११० चा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढण्याची ताकद, ९ न्यूटन मीटरच्या आसपास आहे, ॲक्टिव्हा १२५ आणि ज्युपिटर १२५ चा साडेदहाच्या आसपास, तर ॲक्सेस १२५ चा दहाच्या आसपास. सपाट रस्त्यावर एकटं चालवताना हा फरक हाताला जेमतेम जाणवतो. सोलापूर, जळगाव, नागपूर अशा शहरांत ऑफिस, बाजार, मुलांची शाळा एवढंच फिरणं असेल तर ११० पुरेशी आहे आणि १२५ चे पैसे वाया जातील, हे मी ठामपणे म्हणेन.

चढ आणि डबलसीट एकत्र आले की चित्र बदलतं. गाडी १०५ किलो, दोन माणसं १३० किलो, पायाशी एक पिशवी. इंजिनाला अडीचशे किलो ओढायचे असतात. कात्रजचा जुना घाट, दिवे घाट किंवा साताऱ्याहून यवतेश्वरला जाणारा चढ अशा ठिकाणी ११० पूर्ण पिळूनही वेग वाढत नाही. स्कूटरला गिअर नसले तरी पट्ट्यावर चालणारा व्हेरिएटर असतो. वेग पडला की तो आपोआप लो गिअरसारखा बसतो, इंजिन मोठ्या आरपीएमला ओरडत राहतं आणि पट्टा, क्लच, क्लचची बेल (क्लचभोवतीची वाटी) सगळं तापतं. सर्वांत वाईट म्हणजे चढावरचं ट्रॅफिक. थोडं पुढे जायचं, थांबायचं, पुन्हा थोडं पुढे, यात क्लच पूर्ण पकडत नाही, नुसता घासत राहतो. बेलला आतून पकडणाऱ्या क्लच शूच्या पृष्ठभागावर चकाकी येते, बेलमध्ये काळी पूड साचते आणि मग सुटताना गाडी थरथरते. गाडी थरथरली की ग्राहकाला इंजिन बिघडल्यासारखं वाटतं. पुष्कळदा कव्हर उघडून बेल साफ केली आणि शूवर पॉलिश पेपर मारला की ते थांबतं, पण चढ रोजचा असेल तर काही महिन्यांत परत येतं.

१२५ ला तोच चढ कमी थ्रॉटलवर जमतो, म्हणून हे सगळं उशिरा होतं. पट्टा एरवी वीस ते चोवीस हजार किलोमीटरला बदलावा लागतो. रोज चढ-डबलसीट असेल तर तो त्याआधी उघडून बघावा. कडा तुटलेल्या किंवा आतल्या दातांच्या मुळाशी बारीक भेगा दिसल्या की बदलायचाच. व्हेरिएटरमधले रोलर एका बाजूने चपटे झाले की पिकअप अडखळतो. पट्ट्याबरोबर तेही बदलावेत, कारण उघडण्याची मजुरी एकदाच पडते. गाडी १२५ असो वा ११०, चढावर थांबताना ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक धरा. क्लचचं आयुष्य यातच जातं.

ब्रेकबद्दल माझं म्हणणं इंजिनापेक्षाही ठाम आहे. डिस्क असलेलं मॉडेल परवडत असेल तर घ्याच, मग ते ११० चं का असेना. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस म्हणजे एकत्रित ब्रेक असतो. डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. पण पुढे ड्रम असेल तर साचलेल्या पाण्यातून गेल्यावर आतून ड्रमला घासणारे लायनर ओले होतात आणि पुढचे काही मीटर ब्रेक जवळजवळ लागत नाही. पावसाळ्यात हे सिग्नलच्या आधी घडतं, म्हणून जास्त धोक्याचं. डिस्कवरचं पाणी पॅड पहिल्या फेऱ्यातच पुसून काढतात. ड्रमची केबलही हळूहळू सैल होते. लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ ठेवून नट आवळावा लागतो आणि बहुतेक लोक तो बघत नाहीत. डिस्कला दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं. कोकणातल्या दमट हवेत कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना जाम होतात, त्या सर्व्हिसिंगला काढून ग्रीस करून घ्यायच्या. हा खर्च मान्य करावा असाच आहे.

अलॉय व्हीलचं मात्र नीट समजून घ्या. ट्यूबलेससाठी अलॉय लागतं असं समजू नका, बहुतेक स्कूटरना स्टीलच्या रिमवरही ट्यूबलेस टायरच येतात. स्टीलची रिम खड्ड्यात वाकली तरी ठोकून सरळ होते. अलॉयला तडा गेला तर बदलणंच बरं. उलट समुद्राकाठच्या गावात स्टील रिमच्या कडेला गंज धरतो आणि टायर हळूहळू हवा सोडतो. तिथे अलॉय कामाचं. अडचण एवढीच की अनेक कंपन्या डिस्क आणि अलॉय एकाच मॉडेलमध्ये देतात, त्यामुळे निवड आपल्या हातात राहत नाही.

खराब रस्ता असेल तर चाकाचा आकार बघा. ॲक्टिव्हाला पुढे १२ इंची आणि मागे १० इंची चाक आहे, ज्युपिटरला दोन्ही १२ इंची. डबलसीट बसणाऱ्याची कंबर मागच्या चाकावर असते, त्यामुळे हा दोन इंचांचा फरक मागे बसणाऱ्याला जास्त कळतो. दोघांनी बसूनच टेस्ट राइड घ्यावी, ती याचसाठी.

रंगीत स्क्रीन आणि ब्लूटूथ: फोन खिशात असतोच. स्क्रीन बिघडली तर कोपऱ्यावरचा मेकॅनिक ती उघडत नाही, पूर्ण मीटर बदलावा लागतो, आणि जुनी गाडी घेणारा त्याचे पैसे देत नाही. स्मार्ट की सोयीची आहे, पण हरवली तर नवी महाग पडते. घेणारच असाल तर त्या मॉडेलला किक आहे का, एवढं विचारा. बॅटरी बसली की किक नसणं महागात पडतं.

टेस्ट राइडला निघण्याआधी हवा तपासून घ्या. ॲक्टिव्हाला पुढे २२, एकट्यासाठी मागे २९ आणि डबलसीटला मागे ३६ पीएसआय. हवा कमी असेल तर चांगली गाडीही जड वाटते. घराजवळचा खरा चढ शोधा, वीसच्या वेगाने त्यावर चढवा, पूर्ण पिळा आणि वेग वाढतो की नुसता आवाज वाढतो ते बघा. मग मोकळ्या जागी तीसच्या वेगाला एकेक लिव्हर वेगळा दाबून ब्रेक तपासा. बुटक्या माणसाने सीटवर बसून दोन्ही पाय नीट टेकतात का ते बघावं.

कोटेशन हातात आलं की एक्स-शोरूम, टॅक्स, विमा आणि नंबर प्लेट सोडून जे काही आहे त्यावर बोट ठेवा. हँडलिंग चार्जेस आरटीओला जात नाहीत. ओन डॅमेज विमा बाहेरून घेता येतो. क्रॅश गार्ड, मॅट, सीट कव्हर बाजारात स्वस्त मिळतात. डिलिव्हरीच्या दिवशी टायरवरचा चार आकडी कोड वाचा: ३१२५ म्हणजे २०२५ सालचा एकतिसावा आठवडा. फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरने दिलेल्या विक्री प्रमाणपत्रावर, उत्पादनाचा महिना-वर्ष असतो, तो जुळवा. गाडी मागच्या सालची निघाली तर सही करण्याआधी किमतीत सूट मागा, कारण विकताना तुमच्याकडून ती सूट घेतली जाणार आहे.