जुन्या झेनमधला आंबट-कुबट वास: आतापर्यंतचं काम

गाडी १९९७ ची मारुती झेन, कार्ब्युरेटरवाली, ९९३ सीसी. इंजिन, क्लच आणि सायलेन्सरची कामं उन्हाळ्यातच उरकली आणि गाडी चालायला सुरेख झाली. मग पाऊस लागला आणि आतून वास यायला लागला. ओल्या मातीचा म्हणावं तर तसा नाही, आंबट म्हणावं तर नुसता आंबटही नाही. काचा लावून गाडी दुपारभर बडोद्याच्या दांडिया बाजारात उभी राहिली की दार उघडताच नाकात शिरायचा आणि थोडं अंतर गेलं की जाणवेनासा व्हायचा.

हे जाणवेनासं होणं फसवं असतं. वास तिथेच असतो, नाक सरावतं. म्हणून वास घ्यायचा तो सकाळी, दार उघडल्या क्षणी, आणि जे वाटेल ते तिथेच वहीत लिहून ठेवायचं. जेलची डबी, आरशाला लटकवलेला परफ्यूम हे सगळं मी आधीच काढून टाकलं. सुगंधाची भर पडली की मूळ वास कोणता हे कुणालाच सांगता येत नाही, आणि शोध तिथेच थांबतो.

श्रावण

सुरुवातीला धोक्याचे वास बाद केले. हे काम टाळू नका. गोडसर वास आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुरकट थर दिसला, तर हीटरच्या कोअरमधून (डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून) कूलंट गळत असतं. पेट्रोलचा वास आला तर टाकीच्या फ्लोटचं पॅकिंग आणि फिलरचे होज बघायचे. सडक्या अंड्याचा वास बऱ्याचदा बॅटरीचा असतो. आल्टरनेटर जास्त चार्ज करतोय का, हे मीटर लावून पाहायचं, इंजिन चालू असताना व्होल्टेज १४.५ च्या आसपास थांबलं पाहिजे. मासळीसारखा वास आला तर कुठेतरी वायर किंवा कनेक्टरचं प्लास्टिक तापतंय असं समजून गाडी तिथेच उभी करायची. यातलं काहीही निघालं नाही.

बडोद्यात दुसरी शंका आपसूक येते, ती पुराची. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि २०२४ च्या ऑगस्टअखेर शहरात आलेली विश्वामित्री नदी यानंतर इथे जुनी गाडी बघताना पाणी आत शिरलं होतं का, हे तपासल्याशिवाय कुणी व्यवहार करत नाही. तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत: सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का, सीटच्या रुळांच्या बोल्टवर गंज आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या कनेक्टरमध्ये सुकलेला चिखल आहे का. बेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ निघाला, कनेक्टरही कोरडे होते. पूर बाद.

मग ब्लोअर. नुसता पंखा लावला तर वास कमी, एसी लावला की पहिला मिनिटभर जास्त. हे लक्षण कूलिंग कॉइलचं. कॉइल थंड झाली की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन साचते, कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये अडकलेली धूळ त्या पाण्याने भिजते आणि त्यावर बुरशी-जिवाणू पोसले जातात. या झेनमध्ये हवा गाळायला केबिन फिल्टर नाही, त्यामुळे कॉइलच फिल्टरचं काम करत आलेली. ग्लोव्ह बॉक्स काढून कॉइल उघडी केली, फोमने धुतली, निचऱ्याची रबरी नळी मोकळी केली. नळीच्या तोंडाशी मातीचा घट्ट बूच बसला होता. तो निघाला तेव्हा कॉइलच्या पेटीतलं गढूळ पाणी भळाभळा बाहेर आलं.

वास निम्म्यावर आला, पण गेला नाही.

इथे पुष्कळ जण ओझोन वायू सोडून वास मारणाऱ्या मशीनकडे वळतात. मलाही एका डिटेलिंगवाल्याने तेच सुचवलं. मी नाही म्हटलं, आणि त्यावर ठाम आहे. ओझोन रबराला तडे पाडतो, जुन्या गाडीचं बीडिंग, म्हणजे दारांच्या कडेची रबरी पट्टी, आधीच वाळलेलं असतं. गाडीत किंवा जवळ बसून तो छातीत घेणं वाईट. आणि ज्या वस्तूत वास मुरलाय ती ओली राहिली, तर तो परत येणारच.

गणपतीनंतर

ऊन मिळायला लागलं आणि बरण्यांचा प्रयोग केला. या सगळ्या कामातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच, म्हणून सविस्तर लिहितो.

गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आतल्या साहित्याचा वास तपासतात तो व्हीडीए २७० या जर्मन पद्धतीने. नमुना झाकणबंद भांड्यात ठेवतात, ठरावीक तापमानाला, मग परीक्षक हुंगून १ ते ६ गुण देतात. १ म्हणजे जाणवतच नाही, ६ म्हणजे असह्य. घरी यासाठी काचेच्या बरण्या आणि ऊन पुरतं. बरण्या लोणच्याच्या नकोत, झाकणात मोहरी-हिंगाचा वास कायमचा मुरलेला असतो. जॅमच्या चालतात, झाकणं सोड्याने धुऊन वाळवलेली.

गाडीतून नखाएवढे तुकडे काढले: पुढच्या डाव्या मॅटिंगखालचा नमदा (जाड फेल्टचा थर), उजवीकडचा नमदा, डिकीतला, रूफ लायनिंगचा कोपरा, मागच्या सीटच्या स्पंजचा खालचा भाग, पुढच्या सीटचा स्पंज. प्रत्येकाची वेगळी बरणी, बुडाला फक्त आकडा. तासभर गच्चीवर उन्हात ठेवल्या. ज्याने गाडी उघडली त्याच्या नाकावर विसंबायचं नाही, म्हणून आत्याला आणि भाच्याला बोलावलं. कोणती बरणी कुठली, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"आत्या, नुसता वास घे आणि पहिलं मनात येईल ते सांग."

पुढच्या डाव्या नमद्याची बरणी उघडून तिने लगेच लांब धरली. "माळ्यावरची ओली सतरंजी." भाच्याने ५ गुण दिले. त्यानंतरच्या दोन बरण्यांना दोघांनी २ च्या वर गुण दिले नाहीत. मग मागच्या सीटचा स्पंज. आत्याने पुन्हा एकदा हुंगलं आणि म्हणाली, "अरे, हे खवट लोणी आहे. कढवायचं राहून गेलेलं."

तिथे गाठ सुटली. गाडीत एक विचित्र वास नव्हताच, दोन ओळखीचे वास एकमेकांत मिसळले होते. मला वाटतं, 'कसला वास आहे काही कळत नाही' अशी तक्रार येते त्या बहुतेक गाड्यांमध्ये हेच असणार. प्रत्येक वासाचं मूळ वेगळं, औषधही वेगळं. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालला नाही की माणूस उपायालाच खोटं ठरवतो.

ओल्या सतरंजीचा वास हा मुख्यतः बुरशीचा आणि मातीतल्या जिवाणूंचा. त्यातलं जिओस्मिन पाण्यात लिटरला काही नॅनोग्रॅम असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं. खवट लोण्याचा वास ब्युटिरिक आम्लाचा. ते दुधाच्या स्निग्धांशात बांधलेलं असतं, जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइमनी) सुटं होतं आणि मग नाकापर्यंत येतं. खायचा सोडा या आम्लाशी संयोग पावून त्याचं क्षार बनवतो, क्षार हवेत उडत नाही, म्हणून वास थांबतो. जिओस्मिन आम्ल नाही, त्याच्यावर सोड्याचा परिणाम होत नाही. मॅटिंगवर सोडा भुरभुरून 'थोडा फरक पडला' असा अनुभव अनेकांना का येतो, याचं कारण हे असू शकतं.

आधीच्या मालकांना फोन केला. काका मोकळेपणाने म्हणाले, "हो हो, गेल्या कोजागिरीला कमाटी बागेकडे जाताना मसाला दुधाचं पातेलं मागे कलंडलं होतं. पुसलं होतं की पण!" वरून पुसलं होतं, हे खरं. सीट उलटी केली तेव्हा शिलाईच्या रेषेखाली, स्पंजच्या पोटात, पिवळट पापुद्रा दिसला. नखाने उचलला तर बदामाचे काप आणि केशराची एक काडी त्यात जशीच्या तशी. हिवाळा-उन्हाळ्यात तो सुका होता. पावसाळ्यातली दमट हवा लागली आणि आंबायला लागला.

नवरात्र

दुधाचं काम सोपं. कव्हर उसवायला रावपुऱ्यातल्या सीटवाल्याकडे दिलं. स्पंज कोमट पाण्यात एन्झाइमवाली कपड्यांची पावडर घालून भिजवला. कढत पाणी नको, दुधातलं प्रथिन घट्ट होऊन बसतं. दाबून दाबून पाणी काढलं, मग सोड्याचं पाणी, मग साधं पाणी, मग ऊन. स्पंज पिळायचा नाही, फाटतो. गाडीचा मूळचा स्पंज आहे आणि आकार अजून चांगला आहे, तो बदलावा असं मला वाटलं नाही.

नमद्याचं काम अवघड, कारण तिथे आधी पाणी शोधायचं होतं. नमदा वाळवून परत घातला असता तर पुढच्या पावसात पुन्हा तेच. समोरच्या काचेखालची जाळी उघडली, कडुनिंबाचा पाला काढला, तरी पत्रा भिजतच राहिला. मग सगळं मॅटिंग काढून दाराच्या उंबऱ्यावर, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) प्रत्येक रबरी ग्रॉमेटभोवती आणि जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरली. भाचा आत टॉर्च घेऊन बसला, मी बाहेर पाइप धरला. पाणी नेहमी खालून वर न्यायचं: आधी उंबरा, मग दाराचा खालचा भाग, मग काच, मग छप्पर. वरून सुरुवात केली तर पाणी सगळ्या जोडांवरून एकदम ओघळतं आणि कुठला गळतोय ते समजत नाही.

छप्पर आणि समोरची काच कोरडी राहिली. डाव्या पुढच्या दाराच्या काचेवर पाइप धरल्यावर भाचा ओरडला, "मामा, इथे!" पांढऱ्या पावडरीवर दाराच्या ट्रिमखालून (आतल्या आच्छादनाखालून) एक बारीक ओली रेघ निघून बीडिंगच्या आतल्या बाजूने पत्र्यावर उतरत होती.

काचेवरचं थोडं पाणी दाराच्या पोकळीत उतरणं ठरलेलंच असतं, ते तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ट्रिम आणि पत्रा यांच्यामध्ये पॉलिथिनचा पडदा चिकटवलेला असतो, तो हे पाणी आत येऊ देत नाही. ट्रिम काढली तर कुणीतरी स्पीकर बसवताना तो पडदा ब्लेडने गोल कापून टाकलेला. स्पीकरच्या चुंबकावर गंज, ट्रिमचा पुठ्ठा फुगलेला. तुमच्या गाडीत स्पीकर नंतर बसवलेले असतील तर सगळ्यात आधी इथे बघा.

जाड पॉलिथिनचा नवा पडदा कापला आणि ब्यूटाइल टेपने बसवला. सिलिकॉन वापरू नका, पुढच्या वेळी ट्रिम उघडताना पडदा फाटतो. खालची कड पोकळीच्या आत वळवली, म्हणजे पाणी आतल्या आत भोकाकडे जातं. भोकंही तारेने साफ केली. पत्र्यावर वरवरचा गंज होता: तारेचा ब्रश, रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर आणि रंग. ऑक्टोबरच्या उन्हात पत्रा पूर्ण सुकू दिला. नमदा टाकून दिला, नवा आणून जुन्याच्या मापाने कापला. वरचं मॅटिंग धुऊन ठेवलं.

नव्या गाड्यांवर हे करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मॅटिंगखाली कंट्रोल युनिट आणि सीटखाली एअरबॅगचे पिवळे कनेक्टर असतात. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, काही मिनिटं थांबून मगच सीटला हात लावा. माझ्या झेनमध्ये यातलं काही नाही.

सध्या

दिवाळीच्या तोंडावर गाडी बांधून झाली. नव्या नमद्याची आणि धुतलेल्या स्पंजची बरणी आत्याला पुन्हा हुंगायला दिली: स्पंजला २, नमद्याला १. एसी बंद करून मुक्कामाच्या आधी थोडा वेळ नुसता ब्लोअर चालवतो, म्हणजे कॉइल सुकते. कॉइलचा वास तेव्हापासून आलेला नाही.

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी जुन्या गाड्या काढल्या. रंग आणि क्रोमवर सगळे जीव ओततात. माझी कळकळीची विनंती आहे की एकदा मॅटिंग उचलून पत्र्याला हात लावून बघा. हात ओला झाला तर रंगाआधी ते काम करा, कारण पत्रा खालूनही सडतोय.

उरलेलं काम: बाकीच्या तीन दारांच्या ट्रिम उघडून पडदे तपासायचे, मागच्या डाव्या दाराचं बीडिंग बदलायचं आणि रूफ लायनिंगला बरणीत जो मंद सिगरेटचा वास आला, त्याच्याकडे बघायचं. लायनिंग धुतलं तर कापड गोंदापासून सुटतं, त्यामुळे आधी एका कोपऱ्यावर करून बघतोय. कुणी झेनचं मूळ लायनिंग न उतरवता साफ केलं असेल तर काय वापरलं, ते जरूर कळवा.