अण्णांचं ऊन, लेकीचा बर्फ

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५, रात्री साडेअकरा

टेबलावर भारताचा नकाशा अजून तसाच पसरलाय. एका कोपऱ्यावर अण्णांच्या चष्म्याचं घर, दुसऱ्यावर लोणच्याची बरणी. सगळे झोपले, पण जैसलमेर आणि गुलमर्ग यांच्यामधलं अंतर काही कमी झालेलं नाही.

अण्णांची मागणी एका वाक्याची आहे. "मला चार दिवस ऊन खायचंय." समोरची इमारत उभी राहिल्यापासून आमच्या गॅलरीत सकाळचं कोवळं ऊन येतच नाही. पेपर घेऊन ते खुर्ची सरकवत सरकवत शेवटी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी येऊन बसतात. लेकीला स्कीइंग शिकायचंय. रजा दोघांत मिळून एकच. तेव्हा २६ जानेवारीचा सोमवार धरून आधी वाळवंट, मग बर्फ, असं ठरवलं.

गुलमर्गशी माझा एक जुना हिशेब आहे. लग्नानंतर गेलो होतो तेव्हा एका लाकडी फळीच्या गाडीवर मी बसले होते आणि माझ्या बाबांच्या वयाचा एक माणूस दोरी धरून मला चढावर ओढत होता. फोटोत मी हसतेय. त्या फोटोकडे मला अजून नीट बघवत नाही. या वेळी स्वतःच्या पायांवर घसरायचं, पडायचं, उठायचं. सुरुवातीचा उतार म्हणजे तिथलं गोल्फचं मैदानच. हिवाळ्यात ते बर्फाखाली जातं आणि नवशिके तिथे धडपडतात. गोंडोलाने, म्हणजे तारेवरच्या पाळण्याने, वर कोंगडोरीच्या पहिल्या टप्प्यापर्यंत, फार तर त्यावरच्या अफरवटपर्यंत जाऊन बघून यायचं. वरच्या मोकळ्या उतारांवर स्की करण्याचं नाव लेकीने काढलं, तेव्हा तिला फेब्रुवारी २०२४ मधल्या हिमस्खलनाबद्दल सांगितलं. परदेशातून आलेला एक स्कीपटू त्यात गेला. ती गप्प झाली. थोडा वेळ.

आज दुपारभर मी हवामानाचं वाचत बसले आणि माझी सगळी आखणी एका वाऱ्याने हलवली. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात निघतात, इराण-अफगाणिस्तान ओलांडून आपल्याकडे येतात. गुलमर्गचा बर्फ त्यांचाच. पण झंझावात जोरदार असला की त्याची किनार राजस्थानलाही लागते. आभाळ भरतं, चार थेंब पडतात. तिकडे त्या पावसाला मावठ म्हणतात आणि हरभरावाले खूश होतात. मागोमाग उत्तरेचा गार वारा. म्हणजे लेकीचा देव पावला तर अण्णांचं ऊन जाणार, आणि जैसलमेरला आठवडाभर लख्ख आकाश असलं तर गुलमर्गला बहुधा गवतच दिसणार. हे काही नुसतं भय नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या त्या चाळीस कडक दिवसांत, गुलमर्ग तपकिरी होतं. बर्फ पडला तो महिना संपता संपता. यंदाही बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतल्या खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा मार्चवर ढकलाव्या लागल्या.

म्हणून क्रम तोच ठेवला, पण तारखा पुढे सरकवल्या. २३ ते २७ जैसलमेर. बर्फ जितका उशिरा गाठू तितका बरा. शिवाय मरु महोत्सव माघ पौर्णिमेला संपतो, ती १ फेब्रुवारीला. त्या गर्दीआधी निघालेलं बरं, खोल्यांचे भाव ऐकूनच घाम फुटतो. तिथून रात्रीच्या गाडीने दिल्ली. दिल्लीत एक दिवस मुद्दाम रिकामा. धुकं असतं, आणि श्रीनगरला बर्फ पडला की विमानं रद्द होतात. नवऱ्याला हा रिकामा दिवस म्हणजे पैशाचा चुराडा वाटतो. वाटू दे.

आईला तर दोन्ही गावं नकोत. "दोन्हीकडे सरहद्द, तुम्हाला महाबळेश्वर नाही का?" पहलगामच्या हल्ल्यानंतर आमच्या सोसायटीत काश्मीर हा शब्द निघाला की लिफ्टसुद्धा शांत होते. पुण्याची माणसंही होती त्यात. मला यावर तिला देण्यासारखं उत्तर नाही. रद्द करता येतील अशीच तिकिटं घेतली, एवढंच.

सामानाची यादी मात्र मजेची निघाली. दोन टोकांच्या हवेला दोन बॅगा लागतील असं वाटलं होतं. पण वाळवंटात रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, म्हणजे स्वेटर, कानटोपी तिकडेही. आणि बर्फावरून ऊन असं परततं की चेहरा भाजतो, म्हणजे गॉगल आणि सनस्क्रीन इकडेही. अण्णांना सुमारे २,६५० मीटर उंची मानवेल का, ते डॉक्टरांना विचारायचंय. ते स्वतः विचारणार नाहीत.

त्यांना मी एक लालूच दाखवलीय. जैसलमेरजवळच्या डेझर्ट नॅशनल पार्कमध्ये माळढोक आहेत. तरुणपणी नोकरीनिमित्त सोलापूरला असताना नान्नजच्या माळावर त्यांनी एकदा बघितला होता, तुरुतुरु पळणारा. "एक दिसला तरी पुरे," म्हणाले. दिसेलच असं नाही, हेही सांगितलं. ते त्यांनी ऐकलं नाही.

जेवणानंतर लेक मोजे घालून फरशीवर सराव करत होती. पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, की वेग कमी होतो. अण्णांनी व्हिडिओ दोनदा बघितलेला, त्यामुळे खुर्चीतून सूचना चालू. "टाचा! टाचा बाहेर!" ती घसरून सोफ्यावर आदळली. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. अण्णांनीच उचलला आणि गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे बर्फ पडलाय."