हेड सिमेंट दुधासारखं हवं, एकतारी पाकासारखं नको

फ्लाय, म्हणजे गळावर धागा-पिसं बांधून केलेलं मासेमारीचं नकली आमिष, बांधून झाली की डोक्यावर, म्हणजे पुढच्या टोकाला धागा संपतो तिथे, एक चकचकीत थेंब बसवायचा, एवढ्यावरच बरेच जण हेड सिमेंटचा, म्हणजे तो धागा पक्का करणाऱ्या लॅकरचा, विषय संपवतात. चकाकी दिसायला छान असते, पण सिमेंटचं खरं काम धाग्याच्या आत आहे. व्हिप फिनिशचे, म्हणजे धागा संपवायच्या शेवटच्या गाठीचे, चार-पाच वेढे नुसते एकमेकांना दाबून बसलेले असतात. मरळीच्या दातात किंवा काठावरच्या दगडावर त्यातला एक तुटला की सगळं डोकं उसवत जातं. सिमेंट वेढ्यांमधून तळापर्यंत उतरून सुकलं असेल, तर एक वेढा तुटला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. तळापर्यंत पोहोचायचं तर ते पातळ हवं. कोल्हापूरची हवा इथे दोन तऱ्हेने त्रास देते. एप्रिल-मेच्या उन्हात बाटलीतलं सिमेंट घट्ट होतं आणि जुलैच्या पावसात तेच सिमेंट डोक्यावर पांढरं पडतं.

आधी माल. बाहेरून मागवलेली छोटी बाटली चांगली असते, पण तिच्यावाचून अडत नाही. लाकडी फर्निचरवर मारतात ते एन.सी. क्लिअर लॅकर नायट्रोसेल्युलोजचंच असतं आणि या कामाला उत्तम चालतं. दुकानातला डबा आपल्या गरजेपेक्षा फार मोठा असतो. पॉलिशवाल्या कारागिराकडून ५० मिली मागून घेतलं तरी वर्ष आरामात निघतं. सोबत एन.सी. थिनर हवाच. बिनरंगी नेल पॉलिशही चालतं, फक्त ते बाटलीतून निघतं तसं फार दाट असतं. ते पातळ करायला नेल पॉलिश थिनर वापरावा, रिमूव्हर नव्हे. रिमूव्हरमध्ये बहुधा पाणी किंवा तेलकट पदार्थ मिसळलेले असतात आणि त्याने पॉलिश गढूळ होतं. टर्पेंटाइन किंवा पेट्रोल तर घालूच नका. नायट्रोसेल्युलोज त्यात विरघळत नाही, लॅकर फाटल्या दुधासारखं होतं. पी.यू. (पॉलियुरेथेन) थिनर वेगळा, तोही इथे नको.

पातळपणा मापायला स्वयंपाकघरातली खूण पुरते. सुई बुडवून वर उचला. थेंब लगेच सुटला आणि मागे तार आली नाही, तर सिमेंट दुधासारखं आहे, पहिल्या हाताला योग्य. एकतारी पाकासारखी तार लोंबली तर ते वरच्या वर बसेल, आत शिरणार नाही. सुरुवातीला एक भाग लॅकर आणि एक भाग थिनर घ्या, मग ३-४ थेंबांनी पुढेमागे करा. चकाकी हवी असेल तर दुसऱ्या हाताला थोडं दाट, म्हणजे दोन भाग लॅकरला एक भाग थिनर. पण दुसरा हात पहिला पूर्ण सुकल्यावरच द्यायचा. नाहीतर खालचा थर पुन्हा मऊ पडतो आणि वर साय धरल्यासारखं होतं.

लावायला ब्रशपेक्षा बॉडकिन (मुठीची सुई) बरी. ती नसेल तर गोधडी शिवायची जाड सुई लाकडी मुठीत ठोकून घ्या. टोकावर मोहरीच्या दाण्याहून लहान थेंब घ्यायचा आणि डोक्याच्या वरच्या बाजूला नुसता टेकवायचा, पुसायचा नाही. पातळ सिमेंट असेल तर पुढचं डोळ्यांना दिसतं: थेंब क्षणभर फुगीर उभा राहतो, मग वेढ्यांच्या फटीतून खाली ओढला जातो आणि धाग्याचा रंग एकदम गडद होतो, ओल्या मातीसारखा. तो गडदपणा डोक्याच्या खालच्या बाजूला दिसला की थांबा. नाही दिसला तर फ्लाय उलटी करून खालून अर्धा थेंब. धागा मेण लावलेला असेल तर सिमेंट सावकाश शिरतं. अशा वेळी घाईने जास्त थेंब ओतू नये, अर्धा मिनिट वाट पाहावी. जेलस्पन (पॉलिथिलीनच्या) धाग्यात ते जवळजवळ शिरतच नाही. तिथे डोकं बांधताना शेवटच्या वेढ्यांआधी धाग्यालाच थोडं सिमेंट लावून मग व्हिप फिनिश करणं जास्त पक्कं.

सगळ्यात जास्त चुकतं ते गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापाशी. सिमेंट पुढे ओघळून डोळ्यात पडदा धरतं. घरी ते लक्षात येत नाही आणि राधानगरीच्या काठावर पहाटेच्या अंधारात टिपेट (फ्लायला बांधायची बारीक दोरी) ओवताना कळतं. सिमेंट ओलं असतानाच कोंबड्याच्या पिसाची सोललेली काडी डोळ्यातून आरपार ओढायची. सुकल्यावर सुईने टोचलं तर पडदा फुटतो, पण कडेला खरखरीत कपची राहते आणि ती नेमकी गाठीला घासते. दुसरी चूक म्हणजे डोकं डोळ्याला चिकटून बांधणं. डोळ्यामागे धाग्याच्या दोन वेढ्यांएवढी जागा मोकळी ठेवली तर ओघळच होत नाही.

थर्माकोलचा पॉपर (पाण्यावर तरंगणारी फ्लाय) असेल तर त्यावर हे सिमेंट अजिबात नको. थिनर थर्माकोल विरघळवतो, अंगावर खड्डा पडतो. ओल्या फ्लाय सुकायला थर्माकोलच्या तुकड्यात खोचण्याची सवयही त्याचसाठी सोडावी. बुचाचा तुकडा किंवा स्लीपरचा जुना तळवा घ्या.

आता पावसाळा. गगनबावड्याकडून सरी सुरू झाल्या की शहरातली हवा आठवडेच्या आठवडे ओली राहते. थिनर उडताना डोक्याचा पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर पाणी होऊन बसते आणि लॅकर दुधट दिसतं. गाड्या रंगवणारे याला ब्लशिंग म्हणतात. त्यांचा उपाय आपल्यालाही लागू पडतो: थिनरमध्ये थोडा रिटार्डर, १० मिलीमागे ८-१० थेंब. थिनर सावकाश उडतो, गारवा कमी, पांढरेपणा कमी. सुकायला मात्र जास्त वेळ द्यावा लागतो, पूर्ण २४ तास धरा. याच कारणाने पावसाळ्यात निव्वळ ॲसिटोनने पातळ करू नये, ते फार झपाट्याने उडतं. डोकं पांढरं पडलंच तर फ्लाय टाकू नका. कोरड्या दुपारी त्यावर नुसत्या थिनरचा एक बारीक थेंब टेकवला की वरचा थर पुन्हा विरघळतो आणि साफ सुकतो.

साठवणीकडे लोक फार कमी लक्ष देतात आणि निम्मा माल तिथेच वाया जातो. मूळ माल एका काचेच्या बाटलीत बंद ठेवा आणि रोजच्या कामाला १० मिलीची वेगळी बाटली. होमिओपॅथीच्या औषधाची काचेची बाटली याला अगदी योग्य: तोंड अरुंद, झाकण घट्ट. रबरी फुग्याचा ड्रॉपर नको, थिनरच्या वाफेने रबर फुगतं आणि चिकट होतं. पातळ प्लास्टिकच्या बाटलीतून वाफ हळूहळू निसटते, कडक पारदर्शक प्लास्टिक तर थेट वितळतं.

बाटली अर्धी झाली की आतली मोकळी जागा वाफेने भरते आणि प्रत्येक वेळी झाकण उघडल्यावर तेवढा थिनर उडून जातो. त्यावर साधा उपाय: स्वच्छ काचेचे मणी आत टाकत जा, म्हणजे पातळी पुन्हा गळ्यापर्यंत येते. लाखेचे किंवा प्लास्टिकचे मणी चालत नाहीत. झाकण लावण्यापूर्वी बाटलीचे आटे थिनरच्या बोळ्याने पुसा. न पुसल्यास तिथे पिवळट पापुद्र्याचं कडं जमतं. झाकण एक तर निघत नाही किंवा निघालं की त्याचे कण आत पडतात आणि पुढच्या फ्लायच्या डोक्यावर रव्यासारखे बसतात. आट्यांवर व्हॅसलीनचं बारीक बोट फिरवलं तर कडं धरत नाही. व्हॅसलीन आत जाऊ द्यायचं नाही मात्र.

बाटली लवंडणं हा मोठा अपघात. उद्यमनगरात लेथवाल्याकडून जड गोल बैठक करून घेता येते, मध्ये बाटलीच्या मापाचं भोक. तेवढं नको असेल तर लाकडाच्या ठोकळ्यात भोक पाडा.

उन्हाळ्यात पारा ४० च्या जवळ जातो तेव्हा बाटली पत्र्याच्या खोलीत, गाडीच्या डिकीत किंवा खिडकीत नको. जमिनीलगतच्या कपाटात, अंधारात ठेवा. शेगडी आणि देवघरातली समई या दोन्हींपासून लांब, कारण थिनरची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि ठिणगीसरशी पेटते. लावताना खिडकी उघडी हवी, पंखा मात्र फ्लायवर थेट नको.

एप्रिलमध्ये घट्ट झालेली बाटली बहुतेक वेळा वाचते. थिनरचे ३-४ थेंब घाला, झाकण लावून बाटली आडवी करून सावकाश फिरवा. जोरात हलवलं तर बुडबुडे धरतात आणि ते डोक्यावर फुटून खड्डे पडतात. एक रात्र ठेवून सकाळी सुईने तार पाहा, गरज पडली तर पुन्हा २ थेंब. पण आतला माल खरवसासारखा थरथरत असेल तर नाद सोडा. तो विरघळल्यासारखा दिसतो, पण धाग्यात शिरत नाही.

टाकाऊ सिमेंट किंवा घाण थिनर मोरीत ओतू नका. शहरातलं सांडपाणी जयंती नाल्यातून पंचगंगेला जातं, आणि आपण मासे तिथल्याच पाण्यात शोधतो. जुन्या डब्यात वर्तमानपत्राचा बोळा घालून त्यावर ओता, गच्चीवर मोकळ्या हवेत दोन दिवस सुकू द्या आणि कडक झाल्यावर कोरड्या कचऱ्यात द्या.