चिमट्यातली चीर

दिवाळी उरकून पहाटेचा गारवा जाणवू लागला की आमच्या दुकानात लांबच्या राइडच्या सायकली येऊ लागतात. कोणी गोव्याला निघालेले असते, कोणी दोनशे-तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब राइडला, आणि अलीकडे बरेच जण एखाद्या संस्थेसाठी निधी जमवणाऱ्या राइडला. चेन बदलणे, चाकांचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढणे, ब्रेक पॅड पाहणे ही कामे ठरलेलीच असतात. बाहेरच्या माणसाच्या लक्षात सहसा येत नाही ते इतकेच की यातल्या बऱ्याचशा सायकली निघण्याच्या आदल्या संध्याकाळी येतात. महिनोन्‌महिने पहाटे उठून सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सराव करणारा, टी-शर्टचे माप वेळेवर कळवणारा माणूस सायकल मात्र शेवटच्या संध्याकाळी घेऊन येतो आणि 'फक्त एकदा नजर टाका' म्हणतो.

एक गृहस्थ तसेच आले. चाळिशी ओलांडलेले, हिंजवडीत नोकरीला, बोलण्यात अत्यंत सौम्य. दुसऱ्या दिवशी पहाटे ते एका गटाबरोबर गोव्याला निघणार होते. पहिल्या दिवशी खंबाटकी, कराड करत कोल्हापूरला मुक्काम; दुसऱ्या दिवशी आजरा, आंबोली आणि खाली सावंतवाडीवरून गोवा, असे सारे मिळून साधारण साडेचारशे किलोमीटर होते. आजारी मुलांच्या उपचारांसाठी ही राइड होती आणि त्यांच्या कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम देण्याचे कबूल केले होते. तक्रार अगदी लहान होती. पुढचा ब्रेक दाबला की हँडलपाशी 'कट्‌' असा आवाज येतो. वरचा स्क्रू आवळला की दोन दिवस आवाज थांबतो आणि पुन्हा सुरू होतो.

हा वरचा स्क्रू म्हणजे सायकलस्वारांच्या गैरसमजाचे मोठेच आगार आहे. हँडल त्या स्क्रूने धरलेले असते असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे काम हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरते त्या सांध्याच्या, बेअरिंगवर योग्य तेवढा दाब आणण्याचे असते, आणि पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळी, म्हणजे स्टीअरर, धरून ठेवतात ते स्टेमचे, म्हणजे हँडल त्या नळीला जोडणाऱ्या तुकड्याचे, बाजूचे दोन बोल्ट. आधी बाजूचे बोल्ट सैल करायचे, मग वरच्या स्क्रूने दाब आणायचा, हँडल चाकाच्या रेषेत घ्यायचे आणि शेवटी बाजूचे बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागला ते मोजणाऱ्या पान्याने, सामान्यतः ५ न्यूटन-मीटरच्या आसपास, आवळायचे. एवढे झाल्यावर वरचा स्क्रू काढून खिशात टाकला तरी हँडल जागचे हलत नाही. बाजूचे बोल्ट आवळलेले असताना वरचा स्क्रू पिळत राहणे निरर्थक आहे. पण तो दिसतो समोर आणि फिरवायला सोपा असतो.

मी पुढचा ब्रेक धरला, हेडसेटच्या सांध्यावर बोट ठेवले आणि सायकल मागे-पुढे हलवली. खेळ, म्हणजे सैलपणा, होता. वरची टोपी काढल्यावर आत जे दिसले त्यामुळे मी दुकानातल्या मुलाला बाकीची कामे बाजूला ठेवायला सांगितले. नळी कार्बनची होती आणि तिच्यात कोणीतरी स्टार नट ठोकलेला होता. स्टार नट ही पोलादी पाकळ्यांची चकती असते. ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादी नळीत ती ठोकली की पाकळ्या आतल्या भिंतीत रुततात आणि स्क्रूला आधार मिळतो. कार्बनच्या नळीत मात्र ती कधीही घालायची नसते, कारण त्या पाकळ्या कार्बनचे तंतू कापतात. तिथे आतून फुगणारा एक्स्पांडर घालतात. तो स्क्रूला पकड देतोच, शिवाय स्टेमच्या दाबाखाली नळी चेपू नये म्हणून तिला आतून आधारही देतो.

चौकशी केल्यावर उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका दुकानात हँडल खाली करून घेतले होते. तिथे नळी कापली गेली, मूळचा एक्स्पांडर बहुधा कोणाच्या तरी डब्यात गेला आणि त्याच्या जागी हातोडीने हा नट आला, तोही गरजेपेक्षा खोल. त्यानंतर ते स्क्रू आवळत गेले तसतसा तो नट आतली भिंत खरवडत वर सरकत गेला. त्या दुकानाचे नाव त्यांनी सांगितले, मी ते इथे लिहीत नाही. पण टॉर्क रेंच भिंतीवर शोभेला टांगून हातोडी वापरणारे ते एकटेच आहेत असेही नाही. सायकली पाच आकडी किमतीवरून सहा आकडी झाल्या, कारागिरांना शिकवण्यावर मात्र कोणी पैसा घातला नाही.

चिमटा पूर्ण उतरवला. नळी स्पिरिटने पुसून, टॉर्च अगदी आडवी धरून पाहिले, तेव्हा स्टेमची खालची कड जिथे बसत होती तिथे एक बारीक आडवी रेघ दिसली. अशी रेघ वरच्या लॅकरवरचा, म्हणजे चकाकीच्या थरावरचा, नुसता ओरखडाही असू शकते, म्हणून घाई करून चालत नाही. नखाला ती लागत होती. पुन्हा स्पिरिट लावले. भोवतालचे उडून गेले तरी रेघेत ओल काही क्षण काळी राहिली, म्हणजे तिला खोली होती. मग चिमट्याच्या खालच्या तोंडातून टॉर्च घालून आत पाहिले. बाहेरच्या रेघेच्या बरोबर त्याच उंचीवर, नट पहिल्यांदा जिथे रुतला असणार तिथे, तंतू पिंजलेले होते. नाण्याने टकटक केल्यावर वर खणखणीत आणि त्या पट्ट्यात बद्द असा आवाज आला. ब्रेक लावल्यावर आणि रंबलरवर आदळल्यावर नळीला वाकवणारा जोर नेमका स्टेमच्या खालच्या कडेपाशी एकवटतो. या खुणांपैकी एकच असती तर मी शंकेला जागा ठेवली असती. सगळ्या एकाच पट्ट्यात होत्या.

ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो, त्यांच्याकडे धडक बसून मागे गेलेले पोलादी चिमटे येत आणि ते नळी घालून, जोर लावून सरळ करून देत. पोलाद वाकते आणि वाकलेले डोळ्यांना दिसते. कार्बन जाताना बहुधा काहीच सांगत नाही. आणि स्टीअरर तुटला तर हँडल हातात येते आणि सायकल आपल्या वाटेने जाते. आंबोलीचा घाट सुमारे सातशे मीटर उंचीवरून उतरतो. त्या उतारावरचे प्रत्येक वळण ब्रेक लावूनच घ्यावे लागते.

मी त्यांना रेघ दाखवली. त्यांनी ती पाहिली आणि शांतपणे विचारले, "दादा, आत्तापुरता आवाज घालवता येईल का? परत आल्यावर बघू." मी नाही म्हणालो. मग त्यांनी ॲराल्डाइट भरण्याविषयी विचारले. त्यालाही मी नाही म्हणालो. "दोन वर्षं चालवतोय हीच सायकल. लोकांनी पैसे कबूल केलेत, त्यांना आता काय सांगू? सायकल माझी, जबाबदारीही माझी. हवं तर लिहून देतो."

"सर, सायकल तुमचीच आहे, आत्ता घेऊन जा. पण हा चिमटा माझ्या हातानं मी परत बसवणार नाही."

"मग घरी जाऊन मीच बसवतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, निरुपाय होता, आणि त्यामुळेच ते ऐकायला जड गेले. अशा राइडचे आयोजक डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात, हेल्मेट आणि दिवे तपासतात, ते योग्यच आहे. सायकल मात्र सहसा कोणी तपासत नाही. फार तर निघताना टायरमधली हवा पाहतात. ज्याच्या प्रत्येक किलोमीटरवर दुसऱ्याच्या उपचाराचे पैसे अवलंबून आहेत असे त्याला सांगितले गेले आहे, तो माणूस सदोष सायकलवरूनही निघणारच. एखाद्या राइडमधून माघार घेणाऱ्याच्या नावावरही कबूल झालेली रक्कम जमा करायला सहसा कोणाची हरकत नसते, पण हे आधी सांगण्याचे कोणाला सुचत नाही.

तसाच चिमटा रात्रीतून पुण्यात मिळणे शक्य नव्हते. दुकानात एक मात्र होता. एका निवृत्त शिक्षिकाबाईंसाठी मी सुट्या भागांतून टूरिंगची सायकल बांधत होतो आणि तिचा नवा चिमटा खोक्यात पडून होता. त्याची नळी ॲल्युमिनियमची, वर २८.६ मिलिमीटर आणि खाली दीड इंच, म्हणजे यांच्या फ्रेममध्ये बसणारी होती. डिस्क ब्रेकची बैठकही त्याच पद्धतीची आणि एक्सल १२ मिलिमीटरचा होता. बाईंना फोन केला. "ने की. कापू नकोस म्हणजे झालं. आणि त्यांना सांग, आंबोली सावकाश उतरा," एवढेच त्या म्हणाल्या.

'कापू नकोस' ही अट वाटते तितकी साधी नव्हती. नवी नळी ३०० मिलिमीटरची होती. ती तशीच ठेवली तर स्टेमच्या वर जवळजवळ सात सेंटिमीटर नळी उभी राहणार होती, आणि तेवढे स्पेसर, म्हणजे नळीभोवतीच्या कड्या, घातल्याशिवाय वरच्या टोपीने बेअरिंगवर दाब येणार नव्हता. या नळीत स्टार नट चालला असता, पण वरच्या टोकाशी ठोकला तर बाईंच्या मापाला नळी कापताना तो वाया जाणार आणि खोल ठोकला तर उगीच भिंत खरवडली जाणार. म्हणून मी एक्स्पांडरच वापरला. स्पेसर दुकानातल्या प्रत्येक डब्यातून गोळा केले. काळे, चंदेरी, एक लाल. सायकल दिसायला हास्यास्पद झाली, आणि त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर चीर पाहून उमटली नव्हती ती नाराजी ती लाल कडी पाहून उमटली.

खरा वेळ ब्रेकने घेतला. हायड्रॉलिक होज, म्हणजे ब्रेकच्या तेलाची नळी, जुन्या चिमट्याच्या पायातून आत गेलेली होती. ती कॅलिपरपाशी, म्हणजे ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागापाशी, सोडवून बाहेर ओढली, नव्या पायातून घातली, टोक काटकोनात कापले, सांधा गळू नये म्हणून लागणारे दोन छोटे भाग, नवी ऑलिव्ह आणि बार्ब, बसवून बोल्ट आवळला. मग ब्लीडिंग, म्हणजे तेलात अडकलेली हवा काढणे. या ब्रेकला खनिज तेल लागते. चुकून डॉटचे, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या ब्रेकचे, द्रव गेले तर सील फुगतात. आमचा मुलगा हुशार आहे, पण लिव्हर घट्ट लागले की काम झाले असे त्याला वाटते. मी कॅलिपरवर आणि होजवर टिचक्या मारत राहिलो, तेव्हा एक बारीक बुडबुडा वर आला, आणि मग बराच वेळाने आणखी एक. ते दोन आत राहिले असते तर घाटात तापल्यावर लिव्हर बोटाला मऊ लागले असते.

नवा चिमटा जुन्यापेक्षा सुमारे २५ मिलिमीटर उंच होता. त्यामुळे सायकलचे तोंड वर आले आणि हेड अँगल, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या नळीचा कल, एका अंशाहून थोडा अधिक मागे झुकला. सीटचे टोकही तितकेच वर झाले होते. ते पुन्हा समपातळीत आणून सीट किंचित पुढे घेतली. रात्री उशिरा महात्मा सोसायटीच्या चढावर मी स्वतः सायकल नेली. हळू चालवताना हँडल जरासे एका बाजूला पडत होते, उतारावर मात्र ती रेषेत जात होती. पूर्ण ब्रेक दाबूनही आवाज नव्हता. त्यांना फरक समजावून सांगितला, एक फेरी मारायला लावली आणि सायकल दिली.

ते गोव्याला सुखरूप पोहोचले. परत आल्यावर दुकानात आले, सावंतवाडीचे काजू टेबलावर ठेवले, बाईंच्या चिमट्याचे भाडे विचारले (बाईंनी घेतले नाही) आणि मग म्हणाले, "एक विचारू का? मी त्या रेघेचा फोटो दुसऱ्या एका मेकॅनिकला दाखवला. तो म्हणाला, फक्त लॅकर आहे. तुटलाच असता कशावरून?"

यावर मला उत्तर देता आले नाही आणि आजही येत नाही. फोटोत नखाला लागलेली खाच येत नाही, नाण्याचा आवाज येत नाही, आतले पिंजलेले तंतू येत नाहीत, हे मी सांगितले. नळी व्हाइसमध्ये धरून, पाइप लावून तोडून दाखवायची तयारीही दाखवली. पण पुरेसा जोर लावला तर चांगली नळीसुद्धा तुटते, हा त्यांचा मुद्दा मला खोडता आला नाही. अल्ट्रासाउंडने कार्बनची तपासणी होते, पण ती आमच्यासारख्या दुकानाच्या आवाक्यातली नाही. त्यांनी जुना चिमटा मागितला. वस्तू त्यांची होती. मी नळीवर मार्करने 'वापरू नये' असे लिहिले, नोंदवहीत त्यांची सही घेतली आणि दिला. मार्करची शाई त्याच स्पिरिटने निघते, हे त्यांना ठाऊक आहे की नाही मला माहीत नाही. तो चिमटा त्यांनी पुन्हा बसवला, माळ्यावर टाकला की कोणाला विकला, हेही मला माहीत नाही. आणि विकला असेल तर घेणाऱ्याला त्या रेघेविषयी सांगणारे कोणी नाही.

आमच्या जॉबकार्डांचा गठ्ठा संपत आला होता, म्हणून नवीन छापायला टाकताना मी खाली एक ओळ वाढवली: धोकादायक आढळलेला भाग पुन्हा बसवून दिला जाणार नाही. त्यापुढे 'आणि निकामी केल्याशिवाय परत मिळणार नाही' असेही लिहिले होते. आमचे एक गिऱ्हाईक वकील आहेत. ते म्हणाले की पहिली अट घाला, दुसरीला मात्र सायकल घेतानाच ग्राहकाची लेखी संमती हवी, आणि संध्याकाळी घाईत आलेला माणूस ती न वाचताच देईल, मग तिचा उपयोग भांडणापुरताच. छापखान्यातून मजकूर पक्का करायला फोन आला होता. दुसरी अट ठेवायची की काढायची, ते मी त्यांना अजून कळवलेले नाही.