कोचीला अर्धा दिवस देऊ नका

कोची अर्ध्या दिवसात होतं असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. आम्हाला तर सगळ्यांनीच सांगितलं होतं. एजंटने दिलेल्या प्लॅनमध्ये सकाळी कोची, दुपारी जेवण आणि लगेच गाडीत बसून मुन्नार. मला मुन्नारबद्दल काही तक्रार नाही, पण समुद्राकाठचं इतकं जुनं शहर केवळ गाडी पकडायचं ठिकाण म्हणून वापरायचं हे मला पटतच नाही. शेवटी पॅकेज नको म्हणून सांगितलं आणि आईला घेऊन ठाण्याहून नेत्रावतीने निघाले. प्रवास एक अख्खा दिवस आणि वर काही तास, पण कोकण रेल्वेची खिडकी असेल तर तो वेळ फुकट गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

राहायचं एर्नाकुलमला नाही, पाण्यापलीकडच्या जुन्या फोर्ट कोचीलाच. एर्नाकुलम म्हणजे ट्रॅफिक, मॉल, साड्यांची दुकानं. तिथून पलीकडे फोर्ट कोचीला जायला २०२४ पासून वॉटर मेट्रो सुरू झाली आहे, एसी बोट, छान स्वच्छ, पण आईला आणि मला जुनी सरकारी फेरीच जास्त आवडली, लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, ऑफिसला निघालेली माणसं आणि बाजूने जाणारं अवाढव्य कंटेनर जहाज, आणि हे सगळं अगदी किरकोळ तिकिटात.

पहिल्या दिवशी जे सगळे बघतात तेच बघितलं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला १५२४ साली पुरलं होतं, पुढे १५३९ मध्ये त्याचे अवशेष लिस्बनला नेले, त्यामुळे आता तिथे नुसता दगड आहे. मला त्या दगडापेक्षा छताला टांगलेले दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे बघण्यात जास्त रस होता. मासे पकडायच्या चिनी जाळ्यांपाशी मात्र खूप वेळ थांबलो. लाकडाचा तो प्रचंड सांगाडा चार-पाच जण मिळून पाण्यात सोडतात आणि वर ओढतात, आणि मागे दोरांना मोठाले दगड लटकवलेले असतात, जाळं खाली गेलं की दगड वर येतात, जाळं वर आलं की एकेक करून दगड जमिनीला टेकत जातात. सगळा तोल त्या दगडांवर. आम्ही होतो तेवढ्या वेळात मासळी मूठभर आणि पाणवेली ढीगभर आल्या. लोक दोर ओढतानाचे फोटो काढून घेतात आणि मग पैसे द्यायला कुरकुर करतात, ते मला बघवलं नाही. द्या की राव, घाम त्यांचा आहे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. मट्टनचेरीच्या ज्यू टाऊनपासून रिक्षाने जरा पुढे चेरलाई म्हणून भाग आहे. कुठल्याच प्लॅनमध्ये नसतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मांतराच्या जाचाला कंटाळून गोव्यातून जे लोक दक्षिणेला गेले, त्यातल्या बऱ्याच सारस्वत कुटुंबांना कोचीच्या राजाने आसरा दिला, आणि त्यांचे वंशज अजून इथे राहतात, घरात कोकणी बोलतात. जायच्या आधी एक गोष्ट वाचली होती ती डोक्यातून जातच नव्हती. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा हॉर्टस मलबारिकस हा ग्रंथ तयार करवला, पहिला खंड १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला, आणि त्यात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या कोचीच्या तिघा वैद्यांचं कोकणीतलं निवेदन चक्क नागरी अक्षरात आहे. रायगडावर महाराज असतानाच्या काळात हॉलंडमध्ये आपली लिपी छापली जात होती! हे वाचल्यावर चेरलाई न बघता परत येणं शक्यच नव्हतं.

तिथलं तिरुमल देवस्थान मोठं आहे, पण आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती आणि देऊळ बंद. म्हणून गल्लीत सावली बघून उभ्या राहिलो. एका घरासमोर चटईवर ओल्या कापडावर पापड वाळत घातले होते आणि एक आज्जी काठी घेऊन कावळे हाकलत बसल्या होत्या. आई माझी वेंगुर्ल्याची. मल्याळम येत नाही, इंग्रजी बोलायला लाजते, त्यामुळे रेल्वेतून उतरल्यापासून ती माझ्याशिवाय कोणाशी एक शब्द बोलली नव्हती. आज्जींनी विचारलं, "तुमी खंयचे?"

आई बघतच राहिली. मग म्हणाली, "वेंगुर्ल्याचे आमी."

"बसा गो. उदक जाय?" म्हणजे पाणी हवं का.

पुढचा तासभर मला कोणी विचारलंच नाही. आई मालवणीत, आज्जी त्यांच्या कोकणीत, मधेच मल्याळम शब्द आला की दोघी हातवारे करत होत्या. उडदाचं पीठ किती कुटायचं, लोणच्याला मीठ किती, सुना काय करतात, सगळं झालं. आज्जी आयुष्यात कधी गोव्याला गेलेल्या नाहीत. आईचा हात धरून त्या म्हणाल्या की आमचे देव तिकडे, आम्ही इकडे. आईचे डोळे भरून आले, माझेही. निघताना पापडांची पुडी दिली आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अलेप्पीची हाऊसबोट ठरवली होती, ती आईने रद्द करायला लावली आणि आम्ही पुन्हा चेरलाईलाच गेलो, या वेळी सकाळी, देवळात दर्शनही झालं. ॲडव्हान्स बुडाला. बुडू दे.

तुम्ही जाणार असाल तर वीकेंड जोडून जाऊ नका, हे एजंट कधी सांगत नाहीत. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद आणि १५६८ चं ज्यूंचं सिनेगॉग शनिवारी बंद, म्हणजे शुक्रवार-शनिवार धरून धावतपळत जाणाऱ्यांची हमखास निराशा. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं आणि सिनेगॉगमधल्या हाताने रंगवलेल्या चिनी फरशा चुकवण्यासारख्या नाहीत. सोमवार ते गुरुवार बघा, आणि देऊळ दुपारी बंद असतं म्हणून चेरलाईला सकाळीच जा, सोबत घरातलं कोकणातलं कोणी वडीलधारं माणूस असेल तर त्यांना आधी न्या.