पाच नंबरचा प्लग

जुलैमध्ये शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात पत्र्याच्या शेडखाली काम करणं काय असतं, ते इथं राहिलेल्यालाच कळेल. पाना दहा मिनिटं उन्हात राहिला तरी हातात धरवत नाही. त्या दिवशी बाराच्या सुमाराला रिकव्हरी ट्रकवरून पांढरी निस्सान जीटी-आर उतरली आणि नंबरप्लेट बघून माझ्या पोटात गोळा आला. हीच गाडी फेब्रुवारीत माझ्या हातून गेली होती.

गाडीचा मालक पंचविशीतला अरब पोरगा. आमच्याशी हिंदीतच बोलतो. म्हणाला, "रफीक, ये इंजिन खराब. सब बोलता है, ये इंजिन ऐसाच है." हायवेवर गाडी ओढेनाशी झाली, मागून निळा धूर आला, एवढीच तक्रार. दुसऱ्या एका गॅरेजनं न उघडताच निकाल देऊन टाकला होता.

मला ते लागलं. आमच्याकडे याच मॉडेलची दुसरी गाडी येते, रोज ऑफिसला जाणारी. १ लाख ८० हजार किलोमीटर झाले, तिच्या इंजिनाचं हेड अजून कुणी उघडलेलं नाही. ३.८ लिटरचा व्ही-सिक्स, दोन्ही बाजूंना एकेक टर्बो. योकोहामाच्या कारखान्यात एकच कारागीर ते अख्खं इंजिन हातानं जोडायचा आणि त्यावर त्याच्या नावाची प्लेट लागायची. ऑगस्ट २०२५ मध्ये या मॉडेलची शेवटची जीटी-आर बाहेर पडली. अठरा वर्षांत साधारण ४८ हजार गाड्या, आणि त्यांची इंजिनं जोडणारे कारागीर अवघे नऊ. अशा इंजिनाला उघडून न बघता कुणी खराब म्हटलं की मला राग येतो.

स्पार्क प्लग काढले आणि लीक-डाऊन, म्हणजे गळतीची टेस्ट लावली. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना बघायचं, प्लगच्या भोकातून १०० पीएसआय दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते गेजवर वाचायचं. क्रँकच्या बोल्टला लांब दांडा लावून एकानं घट्ट धरायचा, नाहीतर हवेच्या दाबानं इंजिन फिरतं. दांडा आमच्या मल्याळी इलेक्ट्रिशियननं धरला. हे त्याचं काम नव्हे, पण तो न सांगता येतो. नंतर खरं काम कानाचं. हवा थ्रॉटलकडून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. बाकीच्या पाच सिलिंडरमध्ये गळती पाच-सहा टक्के. पाच नंबरला अडतीस. ऑइलचं झाकण उघडून कान लावला तर आत वारा सुटल्यासारखा आवाज. म्हणजे पिस्टनच्या रिंगा.

इंजिन खोललं. पाच नंबरच्या पिस्टनवर पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मधली कड नखाएवढी तुटली होती. तो तुकडा वर-खाली फिरून बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, तीन उभे चरे पाडून गेला होता.

कारण लॅपटॉपमध्ये सापडलं. गेल्या वर्षी एका ट्यूनरनं बूस्ट, म्हणजे टर्बो आत ढकलतो त्या हवेचा दाब, १.४ बारपर्यंत चढवला होता, पण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर कंपनीचेच ठेवले. वरच्या आरपीएमला इंजेक्टर ९७ टक्के वेळ उघडे. त्याहून जास्त पेट्रोल त्यातून येणारच कुठून? हवा वाढते, पेट्रोल वाढत नाही, मिश्रण पातळ होतं, सिलिंडर तापतो. त्यात बाहेर ४६ अंश, आणि पोरानं कधी ९८ ऑक्टेनच्या जागी ९५ भरलेलं. मग पेट्रोल ठिणगीनं पेटलं तरी सरळ जळत नाही, कोपऱ्यात राहिलेलं आपणहून भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखं होतं. ते ऐकायला कंपनीनं नॉक सेन्सर दिलेत. आवाज आला की कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, इंजिन वाचतं. ट्यूनरच्या या मॅपमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, ते सेन्सरच बधिर करून ठेवले होते. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, आकडा मोठा दिसावा म्हणून! हे मी विसरू शकत नाही. माणसाच्या कानात बोळे घालून त्याला रस्ता ओलांडायला लावावं, तसं हे काम.

पण फेब्रुवारीत मी काय केलं, तेही लिहायला हवं. तेव्हा गाडी नुसती प्लग बदलायला आली होती. पाच नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मोहरीहून बारीक रुपेरी ठिपके होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. वितळून उडालेलं. जॉबकार्डवर लिहिलं, फोटो काढला, शेठला सांगितलं. शेठ म्हणाले, "मॅप आपला नाही, गिऱ्हाईक खोळंबलंय, गाडी दे." मी दिली. पोराला म्हणालो, ९८ च भर, जास्त पळवू नकोस. तो हसून गेला. इतक्या मोघम बोलण्यावर कुणीही हसून जाईल.

सिलिंडर असलेल्या ब्लॉकचं काय करायचं, हा पुढचा घोर. मी बोअरिंग शिकलो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. तिथं वस्ताद चरे पडलेला ब्लॉक मशीनला लावायचे, बोअर थोडा मोठा करायचे, ओव्हरसाइज पिस्टन टाकला की इंजिन नव्यासारखं. इथं ते चालत नाही. या ब्लॉकमध्ये आत बसवलेली ओतीव लोखंडाची नळी, म्हणजे स्लीव्हच नाही. ॲल्युमिनियमच्या भिंतीवर प्लाझ्मानं वितळवलेल्या लोखंडाचा फवारा मारलेला, थर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाचा. वजन कमी, उष्णता झटकन बाहेर, आणि बारीक छिद्रांत तेल धरून ठेवणारी आरशासारखी भिंत. कापायला गेलं की थर संपलाच. एक तर नवा ब्लॉक, नाहीतर स्लीव्ह. पोरानं स्लीव्ह निवडली.

हे सगळं त्याला टेबलावर मांडून दाखवलं. पिस्टन, तुकडा, मॅप. शेवटी फोनमधला तो फोटोही दाखवला. त्यानं बोटांनी मोठा करून बघितला. वर तारीख होती, ११ फेब्रुवारी. खूप वेळानं म्हणाला, "उस दिन दिखाता ना, रफीक." शेठचं नाव ओठांवर आलं होतं, घेतलं नाही.

ब्लॉक पुढच्या आठवड्यात मशीन शॉपमधून येतोय. इंजेक्टर मोठे घेतलेत, सेन्सर पुन्हा ऐकतील असा मॅप दुसरा माणूस करणार आहे. जोडणी मी एकटा करणार, बाकी कुणाला हात लावू देणार नाही. त्या जपानी कारागिराच्या नावाची प्लेट मी पुसून, कापडात गुंडाळून माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात ठेवली आहे. ती परत त्याच जागी बसवायची का, एवढंच अजून ठरत नाही.