पाचव्या क्रमांकाचा कागद

शनिवार, ५ जुलै

सकाळी साडेसातच्या सुमारास टेबलाखाली वाकून पाहिले, तेव्हा ग्राफिक्स कार्डाला पाण्याची नळी जोडणाऱ्या खालच्या फिटिंगला राईच्या दाण्याएवढा एक थेंब लटकत होता. संगणक रात्रीपासून बंद होता, एवढेच माझे नशीब. तरी हात आपोआप भिंतीवरच्या बटणाकडे गेला, ते बंद केले आणि मग थेंब बोटाने टिपला.

वास्तुविशारदांना इमारतींची त्रिमिती चित्रे करून देणे हा माझा व्यवसाय आहे आणि अशी चित्रे तयार होत असताना आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरमधल्या घरात पंख्यांचा जो घोंगावता आवाज चालतो, त्याने शेजारच्या खोलीतल्या आईची झोप मोडते. म्हणून लॅमिंग्टन रोडला दोन खेपा घालून पंप, टाकी, रेडिएटर, दोन वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर बसणारे, आतून पाणी फिरणारे धातूचे ठोकळे) आणि मऊ नळ्या आणल्या आणि नऊ दिवसांपूर्वी पाण्याने थंड होणारी जोडणी स्वतःच्या हाताने पूर्ण केली. खात्री पटेपर्यंत संगणक रात्री चालवायचा नाही आणि कॅबिनेटची काच बसवायची नाही, म्हणजे आत काय चालले आहे ते दिसत राहील, असे ठरवले होते. दिसले खरे.

दुसरी गोष्ट दुपारी लक्षात आली आणि ती अधिक गंभीर वाटली. टाकीवर पहिल्या दिवशी पेनाने केलेल्या खुणेपेक्षा पाणी दीड सेंटिमीटर खाली गेले होते. आत साधे डिस्टिल्ड वॉटर आहे. शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही हे खरे असले, तरी तांब्यापितळेतून फिरलेले आणि मदरबोर्डावरच्या धुळीत मिसळलेले पाणी शुद्ध राहत नाही, त्यामुळे त्या आधारावर निर्धास्त राहण्यात अर्थ नाही. शिवाय पाण्याला रंग नसल्यामुळे लटकणारा थेंब आतला की बाहेरचा, हे सांगायला काही साधन नव्हते. रंगीत कूलंट दिखाऊ म्हणून मी घेतले नव्हते, याचा आज पश्चात्ताप झाला.

रविवार, ६ जुलै

आषाढी एकादशी. साबुदाण्याची खिचडी खाऊन कामाला बसलो.

आधी हिशेब केला. टाकीचा आतला व्यास पाच सेंटिमीटर आहे. दीड सेंटिमीटर पातळी म्हणजे सुमारे ३० मिलिलीटर, अर्थात चहाचे सहा चमचे. सहा चमचे पाणी बाहेर आले असते, तर कॅबिनेटच्या तळाशी, निदान खालच्या फरशीवर, काहीतरी खूण उरली असती. मी टॉर्च घेऊन पालथा पडलो, एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, जाळीला कापूस लावून पाहिला, ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवरून बोट फिरवले. धूळ कोरडी होती आणि तिच्यावर पाणी सुकल्याचा एकही डाग नव्हता. मग पाणी गेले कुठे, या प्रश्नाचे उत्तर बाहेर शोधण्याऐवजी आत शोधायला हवे होते, हे समजायला मला अर्धा दिवस लागला.

नवी जोडणी भरताना रेडिएटरच्या अरुंद वाहिन्यांमध्ये हवा अडकते. ती पाण्याबरोबर थोडी थोडी सुटून टाकीत येते, तिची जागा पाणी घेते आणि टाकीतली पातळी तेवढी उतरते. हे तपासण्यासाठी पंप एकटाच चालवायचा होता. त्याकरिता एसएमपीएसची मदरबोर्ड, प्रोसेसर आणि कार्ड यांच्याकडे जाणारी सगळी जोडणी काढली आणि त्याचे बटण बंद ठेवून चोवीस पिनांच्या प्लगमधली सोळावी पिन, जी पूर्वी हिरव्या तारेमुळे ओळखू यायची, ती वाकवलेल्या कागदी क्लिपने शेजारच्या ग्राउंडच्या पिनेला जोडली, म्हणजे मदरबोर्डाशिवायही एसएमपीएस सुरू होतो. हल्ली बऱ्याचदा सगळ्या तारा काळ्या असतात, म्हणून मी पिना तीनदा मोजल्या. पंप सुरू होताच टाकीतली पातळी दोन-तीन मिलिमीटर खाली गेली आणि बंद करताच परत वर आली. पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणजे आत हवा होतीच. कॅबिनेट एका बाजूने उचलून तिरके केले, तेव्हा रेडिएटरमधून हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू आली आणि टाकीत बुडबुड्यांची माळ वर आली. सहा चमच्यांचा प्रश्न सुटला.

थेंबाचा मात्र सुटला नव्हता. आठ फिटिंग आणि निचऱ्याचा कॉक अशा नऊ जागी टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि प्रत्येकीवर स्केचपेनने क्रमांक घातला. स्केचपेनची शाई ओलाव्याने लगेच फुटते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा दमटपणाही आकडा पसरून कळतो. ज्या फिटिंगला थेंब दिसला होता, तिचा क्रमांक पाच. दुपारी बारापासून रात्री आठपर्यंत पंप चालवला. नऊही आकडे जसेच्या तसे राहिले.

इथे थांबायला हवे होते. पण रात्री झोपण्यापूर्वी, नुसती खबरदारी म्हणून, पाचव्या फिटिंगला पक्कडीने पाव फेरा आणखी दिला. पक्कड लावू नये, हाताने घट्ट होईल तेवढेच पुरे, हे मला माहीत होते. नळाच्या जोडणीत आट्यांवर टेप गुंडाळून पाणी अडवतात, तसे इथे नसते. इथे आटे फक्त पकडून ठेवतात आणि पाणी अडवते ती रबराची ओ-रिंग. ती जरा दबली म्हणजे पुरते, चिरडायची नसते. माहीत असूनही हात थांबला नाही.

सोमवार, ७ जुलै

सकाळी सात वाजता पाहिले तर नऊपैकी सात आकडे फुटलेले. रेडिएटरजवळचे दोन्ही, कार्डाजवळचे दोन्ही, प्रोसेसरजवळचे दोन्ही आणि कॉकचा. पंप रात्रभर बंद. एकाच रात्रीत सात जोडण्या निकामी व्हाव्यात, हे संभवत नाही. पण भीती हिशेब ऐकत नाही आणि मी सगळी जोडणी उतरवण्याच्या तयारीने खाली बसलो.

बसताना पायाला टेबलाखालचा डंबेल लागला. पाच किलोचा, लोखंडी, गेल्या वर्षभरात कोणी न उचललेला. तो ओला होता.

डंबेलात काही पाणी फिरत नाही.

मी त्याच्यावरून हात फिरवला, तेव्हा तळव्याला थंडगार ओल लागली. मग उठून खिडकीकडे पाहिले. आईने नेहमीप्रमाणे साडेसहाला एसी बंद करून दोन्ही खिडक्या उघडल्या होत्या, कारण बंद खोलीत तिला कोंदटल्यासारखे वाटते. बाहेर येऊरच्या डोंगरावर ढग उतरले होते. मोबाइलवर बाहेरचे तापमान २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के दिसत होती. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश येतो, म्हणजे त्याहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर तिच्यातली वाफ पाणी होऊन बसणार. माझ्या खोलीत एसी रात्रभर २१ अंशांवर होता. तांब्यापितळेचा रेडिएटर, धातूचे जाड ब्लॉक आणि त्यांच्या पोटातले लिटरभर पाणी इतकी सगळी वस्तू २१ अंशांपर्यंत थंड झालेली होती आणि पाणी सावकाश तापत असल्यामुळे खिडकी उघडल्यावरही ती बराच वेळ थंडच राहणार होती. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसा माझ्या संगणकाला फुटला होता.

पाण्याने थंड होणाऱ्या संगणकावर दव धरत नाही, कारण त्यातले पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही, हे मी जोडणी करण्यापूर्वी मनाशी पक्के केलेले सूत्र होते. ते चूक नाही. पण त्यात खोलीची हवा एकच धरलेली आहे. आमच्या खोलीत दोन हवा आहेत, रात्रीची कोरडी-थंड आणि साडेसहानंतरची येऊरकडची, आणि संगणक पहिल्या हवेत थंड होऊन दुसऱ्या हवेत जागा होतो. शिवाय आत नजर ठेवायला म्हणून मीच काच काढून ठेवली होती, त्यामुळे त्या दमट हवेला आत शिरायला काही आडकाठी नव्हती. हे ध्यानात आल्यावर मला इतके बरे वाटले, की मी आईला डंबेल दाखवायला बोलावले. ती म्हणाली, “तो आधी पूस, गंज धरेल.”

नव्या पट्ट्या लावल्या. अकरापर्यंत खोली आणि धातू दोन्ही कोमट झाले आणि आठ पट्ट्या कोरड्याच राहिल्या.

पाचवी ओली होत होती. खोली गरम, डंबेल कोरडा, आणि तरीही पाचचा आकडा अर्ध्या तासात निळ्या डागासारखा पसरला. पट्टी बदलली, पंप सुरू केला, पुन्हा तेच. काल दुपारी आठ तास कोरडी राहिलेली ही जागा, आणि कालपासून आजपर्यंत तिच्यात बदल एकच झालेला होता, तो माझ्या पक्कडीने केलेला. पाणी काढून फिटिंग सोडवली. ओ-रिंग खाचेतून एका बाजूला सरकून दोन धातूंच्या मध्ये चिमटली गेली होती आणि तिच्यावर नखाने कोरल्यासारखी चीर होती. शनिवारी जी गळती नव्हती, ती रविवारी रात्री मी तयार केली.

मंगळवार, ८ जुलै

फिटिंगांच्या पाकिटात सुटी ओ-रिंग होती. खाच पुसून ती बसवली, फिटिंग दोन बोटांनी फिरवून बसली तिथे थांबलो. पक्कड आईच्या शिलाईच्या डब्यात ठेवून दिली. तिथून ती काढायची तर विचारावे लागते.

पाणी भरण्यापूर्वी हवेच्या दाबाने तपासणी केली, जी खरे तर पहिल्याच दिवशी करायला हवी होती. हातपंपाने रिकाम्या जोडणीत ०.५ बार दाब भरला आणि काटा पाहत बसलो. उकडत होते म्हणून दरम्यान एसी लावला. तासाभराने काटा ०.४७ वर. पोटात गोळा आला, पण या वेळी कागद-पेन्सिल आधी घेतली. खोली ३० अंशांवरून २४ वर आली होती. दाब मोजायचा तर बाहेरच्या वातावरणाचा धरून मोजायचा, म्हणजे साधारण १.५ बार, आणि तापमान निरपेक्ष, म्हणजे केल्विनमध्ये, ३०३ वरून २९७. तेवढ्या फरकाने बंद जागेतल्या हवेचा दाब ०.०३ बारने उतरतो. काटा अगदी तेवढाच उतरला होता. खात्रीसाठी पुढचे दोन तास तापमान न बदलता पाहिले. तो तसूभरही हलला नाही.

संध्याकाळी पुन्हा पाणी भरले. या वेळी निळे कूलंट.

शुक्रवार, ११ जुलै

आईशी बोलणे झाले. खिडक्या ती साडेसहालाच उघडणार, त्यात बदल नाही. मी एसी २५ वर ठेवतो आणि कॅबिनेटची काच बसवली आहे, त्यामुळे दमट हवा एकदम आत जात नाही. काल रात्री पहिल्यांदा एक चित्र पहाटेपर्यंत चालवले. आईला काही ऐकू आले नाही. बाकीच्या पट्ट्या काढून टाकल्या. पाचवी तेवढी ठेवली आहे. तिच्यावरचा आकडा आज सकाळीही स्वच्छ वाचता आला.